डिस्क आणि प्रोग्राम यांच्या मधली चिप

हार्ड डिस्क तपासणारा प्रोग्राम ‘आरोग्य १०० टक्के’ दाखवतो, तेव्हा ते उत्तर नक्की कुणी दिलं हे आधी बघायची सवय मला लागली ती प्रोग्राम निवडण्याच्या एका लांबत गेलेल्या कामातून. डिस्क थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टला जोडलेली असेल तर प्रश्नच नाही. कुठलाही बरा प्रोग्राम घ्या, तो डिस्कशीच बोलतो. पण मध्ये यूएसबीची चिप, रेड कार्ड (अनेक डिस्का बांधून एकच म्हणून दाखवणारं) किंवा पोर्ट मल्टिप्लायर (एका पोर्टवर अनेक डिस्का जोडणारी चिप) आला की गणित बदलतं. प्रोग्राम विचारतो डिस्कला, उत्तर येतं मधल्या चिपकडून, आणि पडद्यावर दोन्ही उत्तरं सारखीच दिसतात.

मी ध्वनिमुद्रणांचा आणि जुन्या छायाचित्रांचा एक संग्रह सांभाळतो. त्यातलं बरंचसं दुसरीकडे कुठेही नाही. अर्थात प्रती आहेत, पण त्या प्रतीही डिस्कांवरच आहेत, आणि या डिस्का एका वेळी ठरवून घेतलेल्या नाहीत. जसजसा संग्रह वाढला तसतशा त्या येत गेल्या: एका सर्व्हरमध्ये हार्डवेअर रेड कार्डामागे काही, स्वतःच रेड करणाऱ्या चार कप्प्यांच्या एका यूएसबी पेटीत काही, दोन कप्प्यांच्या डॉकमध्ये (डिस्का नुसत्या खोचायच्या यूएसबी स्टँडमध्ये) काही, आणि एका मोठ्या स्टोरेज यंत्रणेतून निवृत्त झालेल्या सॅस डिस्का, म्हणजे सर्व्हरसाठीच्या, साटाहून वेगळ्या जोडणीच्या. या सगळ्यांची नियमित तपासणी करील असा प्रोग्राम हवा होता. जाहिरातींवर विश्वास ठेवला तर असा प्रोग्राम शोधायला पाच मिनिटं पुरतात.

सगळी मेख आहे भाषेत. साटा डिस्कला कळतात एटीए आज्ञा. यूएसबीवरून जातात स्काझी आज्ञा. म्हणजे पेटीतली ब्रिज चिप दुभाष्याचं काम करते. ‘अमुक सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) वाच’, ‘अमुक सेक्टर लिही’ एवढं भाषांतर प्रत्येक चिपला येतं, नाहीतर पेटी चाललीच नसती. पण डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे ती स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या क्रमांकवार नोंदी, मागायची, तिला स्वतःची दीर्घ चाचणी सुरू करायला सांगायचं, तर एटीए आज्ञा न बदलता आत पोचवावी लागते. त्यासाठी सॅट नावाचं प्रमाण आहे. त्यात ‘एटीए पास-थ्रू’ अशी स्काझी आज्ञा असते आणि तिच्या पोटात मूळ एटीए आज्ञा बसवलेली असते. आजच्या बहुतेक चिपांना ही पद्धत येते. जुन्या चिपांच्या मात्र ज्याच्या त्याच्या बोली होत्या. सायप्रेस, सनप्लस, प्रोलिफिक, जेमायक्रॉन, प्रत्येकाची रीत निराळी. काही चिपांना तर वाचणं-लिहिणं सोडून काहीच येत नाही, आणि अशा चिपेपुढे जगातला कुठलाही प्रोग्राम हतबल असतो.

म्हणून वैशिष्ट्यांचे तक्ते बाजूला ठेवले आणि पहिली कसोटी अगदी साधी ठेवली: प्रोग्राम मला डिस्कवरच्या लेबलावर छापलेला अनुक्रमांक दाखवतो का? पेटीवरचा नव्हे, पेटी उघडून आतल्या डिस्कवरचा. मी सगळ्या डिस्का एकेक करून बाहेर काढल्या, लेबलांचे फोटो घेतले आणि मग प्रत्येक प्रोग्रामला त्यांच्यापुढे उभं केलं. एवढ्याच कसोटीवर निम्मे उमेदवार गळाले. पैसे देऊन घ्यायच्या एका प्रोग्रामनं तर डॉकमधल्या दोन्ही डिस्कांसाठी एकच अनुक्रमांक दाखवला, शेपटीला शून्यं असलेला. तो उघडच चिपेचा होता. त्याच ओळीत पुढे हिरव्या रंगात ‘उत्तम’ लिहिलेलं होतं. मिळालेल्या शून्य माहितीतून ‘उत्तम’ हा निष्कर्ष काढणारा प्रोग्राम संग्रहाच्या जवळपास फिरकता कामा नये, असं माझं ठाम मत आहे. ‘माहिती मिळाली नाही’ असं स्पष्ट सांगणारा प्रोग्राम मला कितीतरी पटीनं जवळचा.

इथेच स्मार्टमोनटूल्सनं माझा विश्वास मिळवला. ब्रूस ॲलन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प आहे. त्यातला स्मार्टसीटीएल हा प्रोग्राम कमांड लाइनवर चालतो, दिसायला रुक्ष आहे. डॉक जोडून तो पहिल्यांदा चालवला तेव्हा त्यानं सरळ सांगितलं की ही यूएसबी ब्रिज ओळखीची नाही, कृपया ‘-डी’ पर्याय देऊन उपकरणाचा प्रकार सांगा. सोबत चिपेचे विक्रेता आणि उत्पादन क्रमांक हेक्समध्ये दिले. मी आधी ‘-डी सॅट’ दिलं, काही हाती लागलं नाही. मग विक्रेता क्रमांकावरून चिप कुणाची ते कळलं, तिच्या बोलीचा पर्याय दिला, शेवटी स्वल्पविराम देऊन पोर्ट क्रमांक ० लिहिला, आणि पडद्यावर लेबलावरचाच अनुक्रमांक आला. पोर्ट १ दिल्यावर शेजारच्या कप्प्यातल्या डिस्कचा. त्या क्षणी झालेला आनंद खरा होता, कारण त्यानंतरची प्रत्येक ओळ मी डिस्कचं म्हणणं म्हणून वाचू शकत होतो.

पण अनुक्रमांक जुळला म्हणून आकडे ताजे असतील असं नाही. काही चिपा डिस्कची ओळख एकदा विचारून लक्षात ठेवतात आणि पुढे तीच ऐकवत राहतात. म्हणून दुसरी कसोटी. नोंद क्रमांक ९ म्हणजे डिस्क चालू असल्याचे तास. ती लिहून ठेवायची, डिस्कला तासाभराहून जास्त काम द्यायचं आणि पुन्हा बघायची. तापमान, म्हणजे नोंद १९४, याच वेळात काही अंशांनी चढायला हवं. दोन्ही जागचे हलले नाहीत तर तो आकडा शिळा समजायचा. या कसोटीला विशेष श्रम पडत नाहीत, तरी कुठल्याही प्रोग्रामच्या माहितीपुस्तिकेत मला ती दिसली नाही.

दीर्घ चाचणीचा अनुभव वेगळाच होता. स्मार्टची दीर्घ चाचणी डिस्क स्वतःच्या आत करते. संगणकानं फक्त ‘सुरू कर’ म्हणायचं आणि नंतर निकाल विचारायचा. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला सरासरी १५० मेगाबाइट वाचत असेल, तर पूर्ण पृष्ठभाग वाचायला साडेसात तासांच्या आसपास लागतात. डॉकमध्ये ही चाचणी कधीच पूर्ण होईना. निकालाच्या यादीत दर वेळी ‘होस्ट रीसेटमुळे खंडित’ अशी ओळ, आणि खंडित होण्याचं ठिकाणही जवळपास तेच. डिस्क बिघडलेली नव्हती. चिपेला वाटायचं की संगणक काही वाचत नाही, लिहीत नाही, म्हणजे डिस्क रिकामी बसलेली आहे, आणि ती तिला झोपवायची. उपाय असा निघाला: चाचणी चालू असताना दर मिनिटाला एक सेक्टर वाचणारी छोटी स्क्रिप्ट चालू ठेवायची. सेक्टर दर वेळी वेगळा, यादृच्छिक ठिकाणचा हवा आणि वाचन कार्यप्रणालीची कॅशे टाळून व्हायला हवं. तेच ते ठिकाण वाचलं तर उत्तर मेमरीतूनच येतं, चिपेपर्यंत काही पोचतच नाही. एवढं केल्यावर चाचण्या शेवटापर्यंत जाऊ लागल्या.

लिनक्सवर आणखी एक अडथळा येतो, तोही सांगून ठेवतो. यूएएस या यूएसबीच्या नव्या, वेगवान पद्धतीनं चालणाऱ्या काही पेट्यांच्या फर्मवेअरला एटीए पास-थ्रू आज्ञा मिळाली की त्या गोठतात. म्हणून लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्येच, अशा पेट्यांची यादी आहे आणि त्यांच्याकडे या आज्ञा मुद्दाम जाऊ दिल्या जात नाहीत. मग स्मार्टसीटीएल कितीही पर्याय देऊन चालवा, माहिती येत नाही. यूएएस बंद करून जुन्या यूएसबी-स्टोरेज पद्धतीवर पेटी चालवली तर बऱ्याचदा मार्ग मोकळा होतो, वेग थोडा घटतो. तपासणीपुरता तो घटलेला चालतो.

रेड कार्डाकडे वळलो तेव्हा प्रश्नाचं स्वरूपच बदललं. कार्यप्रणालीला तिथे एकच मोठी आभासी डिस्क दिसते. तिच्यावर पृष्ठभाग तपासणारा कुठलाही नेहमीचा प्रोग्राम चालवला तर तो तपासतो कार्डानं रचलेलं चित्र. एखादा सेक्टर एका डिस्कवर वाचता येत नसेल, तर कार्ड पॅरिटीवरून, म्हणजे बाकीच्या डिस्कांवर ठेवलेल्या जादा हिशेबावरून, तो रचून देतं आणि प्रोग्रामला सगळं आलबेल दिसतं. रेडचं ते कामच आहे, त्यात गैर काही नाही. पण दुखणं असं झाकलं गेलं तर दुसरी डिस्क गेल्यावरच ते कळतं, आणि तेव्हा पॅरिटी उरलेली नसते.

माझं कार्ड मेगारेड घराण्यातलं. या घराण्यातल्या कार्डांसाठी स्टोअरसीएलआय हा निर्मात्याचाच प्रोग्राम आहे. त्यातून भौतिक डिस्कांची यादी मागवली की ‘डीआयडी’ नावाचा स्तंभ दिसतो, आणि स्मार्टसीटीएलला ‘-डी मेगारेड,’ यापुढे तोच क्रमांक द्यायचा असतो. कप्प्याचा क्रमांक आणि हा क्रमांक एकच असेल असं धरून चालू नये. माझ्याकडच्या सर्व्हरमध्ये ते वेगळे निघाले. साटा डिस्का असतील तर ‘सॅट+मेगारेड’ असं जोडून लिहावं लागू शकतं. एचपीच्या स्मार्ट ॲरेसाठी ‘सीसीआयएसएस’, थ्रीवेअर आणि अरेका कार्डांसाठी त्यांच्या नावांचे पर्याय, असे बरेच दरवाजे या एका प्रोग्रामनं उघडे ठेवलेत.

इथे मी दोन प्रोग्राम ठेवले, आणि ते मुद्दाम. डिस्कची प्रकृती विचारायची स्मार्टसीटीएलनं. पृष्ठभाग वाचायचं काम कार्डाच्या पेट्रोल रीडवर सोडायचं. पेट्रोल रीड फावल्या वेळात प्रत्येक डिस्क शेवटापर्यंत वाचून काढतं, आणि सेक्टर वाचता आला नाही तर पॅरिटीवरून दुरुस्त करून पुन्हा लिहितं. कन्सिस्टन्सी चेक वेगळा. तो डेटा आणि पॅरिटी जुळतात का ते बघतो. बाहेरून आलेल्या प्रोग्रामला पॅरिटीची काहीच कल्पना नसते, म्हणून दुरुस्तीचा अधिकार मी कार्डाबाहेर कुणालाही देत नाही.

याच टप्प्यावर डिस्कांची एक सेटिंगही तपासून घेतली. वाचता न आलेल्या सेक्टरवर साधी घरगुती डिस्क मिनिटभर किंवा त्याहून जास्त झगडत बसू शकते. कार्ड तेवढा वेळ थांबत नाही, ती डिस्क मेली असं समजून तिला संचातून काढून टाकतं. एससीटी ईआरसी ही सोय असलेल्या डिस्कला स्मार्टसीटीएलमधून ‘७० दशांश सेकंदांनी हार मान’ असं सांगता येतं. म्हणजे ७ सेकंद. बऱ्याच डिस्कांवर वीज गेली की हा आकडा पुसला जातो, तेव्हा तो प्रत्येक बूटला पुन्हा लावावा लागतो.

सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो चार कप्प्यांच्या पेटीनं. आत जेएमबी३९एक्स घराण्याचा रेड करणारा पोर्ट मल्टिप्लायर होता. बाहेर एकच डिस्क दिसते, आत चार आहेत. स्मार्टमोनटूल्समध्ये यासाठीही पर्याय आहे, ‘प्रायोगिक’ असा शिक्का मारलेला, आणि त्याची माहिती मी शब्द न् शब्द वाचली. ही चिप स्मार्टच्या आज्ञा स्वीकारते ती नेहमीच्या वाचन-लेखनाच्या आडून. ठरावीक एका सेक्टरवर, जो मुळात ३३ क्रमांकाचा धरलेला आहे, विशिष्ट मजकूर लिहायचा. चिप तो मधल्या मध्ये पकडते आणि त्याच सेक्टरच्या वाचनातून उत्तर देते. आता समजा, चिप त्या जातीची नसलीच, तर तो मजकूर खरोखरच डिस्कवर लिहिला जाईल. म्हणून स्मार्टसीटीएल आधी तो सेक्टर वाचून बघतो आणि त्यात शून्यांखेरीज काही असेल तर पुढे जायला नकार देतो. ‘फोर्स’ म्हटलं तर हा नकार मोडता येतो.

डिस्कची प्रकृती विचारण्यासाठी डिस्कवर लिहावं लागणं, ही गोष्ट मला संग्रहाच्या बाबतीत मान्य होणारी नव्हती. पर्याय लिहिणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. त्यांनी धोका लपवला नाही, उलट ठळकपणे लिहिला. रिकाम्या डिस्कांवर तो मी चालवून पाहिला आणि तिथे चारही कप्प्यांची माहिती नीट आली. तरीही भरलेल्या पेटीसाठी तो वापरायचा नाही असं ठरवलं. तिच्यातल्या डिस्का ठरावीक काळानं पेटी बंद करून बाहेर काढायच्या, कप्प्याच्या क्रमानं खुणा करून, आणि थेट साटा पोर्टला लावून फक्त स्मार्ट माहिती आणि दीर्घ चाचणी घ्यायची, हा मार्ग धरला.

या मार्गावर एक खड्डा आहे. पेटीतून काढलेली डिस्क थेट जोडली की कार्यप्रणालीला तिच्यावरची रचना कळेलच असं नाही. रेड संचातली डिस्क तर कळणारच नाही. पण एकट्या डिस्कच्या पेटीतही हे घडतं, कारण काही पेट्या जुन्या कार्यप्रणालींची २ टेराबाइटची मर्यादा ओलांडण्यासाठी ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ बाइटचे म्हणून दाखवतात, आणि काही पेट्यांतली चिप सगळा डेटा कूटबद्ध करूनच लिहिते. अशी डिस्क थेट जोडली की विंडोज विचारतं, ‘डिस्क इनिशिअलाइझ करायची का?’ तिथे ‘हो’ म्हणायचं नाही. डिस्क पेटीत परत गेली की डेटा जिथल्या तिथे असतो. मी हे काम लिनक्सवरून करतो, आणि डिस्क माउंट न करता.

सॅस डिस्कांनी वेगळा धडा शिकवला. मोठ्या स्टोरेज यंत्रणांमधल्या डिस्कांचे सेक्टर कधी कधी ५२० बाइटचे असतात. जादा ८ बाइट त्या यंत्रणेच्या पडताळणीसाठी. साध्या एचबीए कार्डाला (रेड न करता डिस्का नुसत्या जोडणाऱ्या) लावल्या की कर्नल ‘सेक्टरचा आकार ५२० चालत नाही’ अशी नोंद करून मोकळा होतो. एसजी३ यूटिल्स या संचातल्या एसजी-फॉरमॅटनं त्या ५१२ वर आणता येतात. डिस्क पूर्ण पुसली जाते, तासन् तास लागतात आणि मध्ये वीज जाता कामा नये. या डिस्कांना साटासारखं नोंद ५ (बदली दिलेले सेक्टर) किंवा १९७ (अनिर्णित सेक्टर) असलं काही नसतं. तिथे बघायचं ते ‘ग्रोन डिफेक्ट लिस्ट’मध्ये (वापरात बिघडलेल्या जागांच्या यादीत) किती घटक आहेत ते, आणि वाचन-लेखनाच्या तक्त्यात न सुधारलेल्या चुका किती ते. साटा डिस्कांसाठी केलेले कितीतरी देखणे प्रोग्राम इथे रिकामी चौकट दाखवतात.

निवड करताना जुने दिग्गजही पाहिले. स्पिनराइट १९८७ पासून आहे. त्या काळात कंट्रोलर, म्हणजे डिस्क चालवणारं सर्किट, हे वेगळं कार्ड असायचं, एमएफएम या लेखनपद्धतीत ट्रॅकला १७ सेक्टर, आरएलएल पद्धतीत २६, आणि एका कार्डावर लो-लेव्हल फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्या कार्डाला अनेकदा वाचताच यायची नाही. १९८६ च्या सुमारास आयडीई आलं, कंट्रोलर डिस्कवरच बसला आणि तो सगळा व्याप मिटला. आता मध्ये नव्या चिपा येऊन बसल्यात, तेव्हा प्रश्न पुन्हा त्याच जातीचा झालाय. २०२४ मध्ये आलेल्या स्पिनराइट ६.१ मध्ये आयडीई आणि एएचसीआय (साटा) यांच्यासाठी स्वतःचे ड्रायव्हर आहेत, यूएसबी मात्र बायोसमार्फत. एमएचडीडी डॉसमधून पोर्टांशी थेट बोलतो. एका सुट्या, जुन्या डिस्कची चिकित्सा करायला ही हत्यारं चांगली आहेत. माझ्या मिश्र गोतावळ्याला ती पुरणारी नव्हती.

विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो मला आवडला. कुठल्या ब्रिज बोलीत बोलायचं ते त्याच्या सेटिंगमध्ये दिसतं आणि बदलताही येतं. हार्ड डिस्क सेंटिनेल पैसे घेतो, पण त्यालाही बरीच रेड कार्डं ओळखता येतात. विंडोजवरच सगळं असणाऱ्याला मी यांतला एक आनंदानं सुचवीन, अर्थात अनुक्रमांकाची कसोटी लावून. मी स्मार्टमोनटूल्सवर थांबलो तो दोन कारणांनी. एक, प्रत्येक डिस्कसाठी ‘कुठल्या मार्गानं विचारायचं’ हे मी स्वतः लिहून देतो, प्रोग्राम अंदाज करत नाही. दोन, ७.० आवृत्तीपासून तो जेसन या, दुसऱ्या प्रोग्रामला सहज वाचता येणाऱ्या, स्वरूपात उत्तर देतो, त्यामुळे अनुक्रमांकानुसार नोंदी साठवणं सोपं झालं. डिस्क कुठल्याही कप्प्यात गेली तरी तिचा इतिहास तिच्याच नावावर राहतो.

या साठवलेल्या नोंदींचा उपयोग लगेच दिसला. एका डिस्कवर नोंद १९९, म्हणजे सीआरसी चुका, वाढत होत्या, आणि नोंद १९७, म्हणजे अनिर्णित सेक्टर, शून्यावर होती. याचा अर्थ डिस्कच्या पृष्ठभागाला काही झालेलं नाही, डेटा वाटेत बिघडतोय. केबल बदलली आणि आकडा होता तिथे थांबला. तो कमी कधीच होत नाही, तेव्हा थांबणं हीच चांगली बातमी. दुसऱ्या एका डिस्कवर १९७ हळूहळू चढत होती. तिच्यावर कुठलाही दुरुस्ती प्रोग्राम चालवला नाही. डॉकमधून काढली, थेट साटाला जोडली, जीएनयू डीडीरेस्क्यूनं आधी तिची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, घेतली. आधी सहज वाचता येणारा भाग, मग अडलेल्या जागा, आणि कुठवर आलो ते मॅप फाइलमध्ये. यूएसबी ब्रिजमधून हे काम करू नये. वाईट सेक्टरवर काही चिपा अशा अडकतात की पेटी बंद करून चालू केल्याशिवाय हलत नाहीत. त्या डिस्कवरची ध्वनिमुद्रणं सगळी परत मिळाली.

चार कप्प्यांच्या पेटीची जागा आता बदलायची आहे. डिस्का उघड्या दिसतील अशा साध्या एचबीए कार्डावर त्या नेईन आणि रेड सॉफ्टवेअरमधून करीन. एखादी सुटी केस घ्यायची असेल तर आधी तिच्यात कुठली चिप आहे ते शोधतो, स्मार्टमोनटूल्सच्या यूएसबी यादीत ती कुठल्या पर्यायानं चालते ते बघतो, आणि यादीत नसेल तर दुसरी केस शोधतो.